राजाश्रय आणि शाश्वती

झांशीच्या लक्ष्मीतालाच्या काठी गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. नाट्यशाळा बाळगणारा हा रसिक राजा २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तला. १८५४ साली डलहौसीने संस्थान खालसा केले आणि त्या नाट्यशाळेला पोसणारा खजिनाच परक्यांच्या हाती गेला.

सांगलीस याहून निराळे घडले. चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. १८५१ साली चिंतामणराव वारले व आश्रय तुटला. तथापि मधल्या काळात मंडळी आणि प्रयोगाची रीत सिद्ध झाली होती. तिच्या बळावर भाव्यांनी १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. आश्रयाचे खरे फळ हेच, की तो सरल्यावरही कला आपल्या पायांवर उभी राहावी.

लोकशाहीत राजाच्या मर्जीची जागा अंदाजपत्रकाने घेतली. अनिश्चितता मात्र सरली नाही. मंजुरी लांबली, की संस्था उसनवारी करते, तालमी थांबतात, आणि नवा, धाडसी प्रयोग सर्वांआधी वगळला जातो. म्हणून अनुदान किती, यापेक्षा ते किती वर्षांसाठी निश्चित, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. थोडे पण खात्रीचे साहाय्य कलावंताला पुढचा विचार करू देते. मोठे पण बेभरवशाचे साहाय्य त्याला केवळ अर्जदार करून सोडते.