खाडीकाठचा बहिरी ससाणा

ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर हे शहर उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्या बेचक्यात वसले आहे. १९८५ साली येथे नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. इमारतींची दाटी वाढत गेली, तरी खाडीलगत मिठागरांचे वाफे, खारफुटी व भरती-ओहोटीच्या चिखलाचे पट्टे काही ठिकाणी टिकून आहेत. हिवाळ्यात तुतवार, चिखल्या यांसारखे पाणपक्षी उत्तरेकडील थंड प्रदेशांतून या चिखलावर उतरतात. भिंगऱ्याही येतात, आणि पाकोळ्या तर बारमाही इमारतींच्या वळचणीस असतातच. या पाखरांच्या मागोमाग त्यांचा शिकारीही येतो. तो म्हणजे बहिरी ससाणा. त्याचाच एक प्रकार असलेला शाहीन ससाणा मात्र परदेशी पाहुणा नव्हे; तो सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर घरटे करतो.

बहिरी ससाण्याची शिकार बहुधा हवेतच होते. उंच मनोऱ्यावर बसून किंवा आकाशात घिरट्या घालून तो भक्ष्य हेरतो आणि पंख अंगाशी मिटून खाली झेपावतो. या झेपेत त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. नाकपुड्यांतील लहानसा उंचवटा व डोळ्यांवरून सरकणारा पारदर्शक पडदा हे या वेगात त्याला उपयोगी पडतात, असे मानले जाते. पंजांच्या आघाताने पाखरू जायबंदी होते किंवा हवेतच पकडले जाते. वरच्या चोचीस दातासारखा एक खाचदार उंचवटा असतो. त्याच्या साहाय्याने मानेचा मणका तोडला जातो. नुसत्या नखांच्या पकडीने भक्ष्य मारणाऱ्या शिक्ऱ्याहून ससाण्याचे हे वेगळेपण होय. मादी नरापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी असते व साहजिकच मोठी शिकार करू शकते.

येथे एक शंका उपस्थित होते. पाकोळी चपळ असते, क्षणार्धात वळते. मग भरधाव येणाऱ्या ससाण्यास तिच्या वळणाबरोबर वळणे कसे जमावे? वेगवान वाहन वळवणे अवघड, हा आपला रोजचा अनुभव. परंतु पक्ष्याची वळण्याची शक्ती पंखांवरील हवेच्या दाबातून येते आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर उपलब्ध बल चौपट होऊ शकते. ग्रोनिंगेन व ऑक्सफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनी २०१८ साली संगणकावर अशा झेपांची प्रतिकृती करून हेच दाखविले: उंचावरून घेतलेली झेप चपळ भक्ष्यासाठीच अधिक लाभदायक ठरते, मात्र तिला नेमकेपणाही तितकाच जास्त लागतो. म्हणूनच अनेक झेपा वाया जातात.

हा नेमकेपणा कोठून येतो, याचे उत्तर त्यापूर्वी, २०१७ साली मिळाले होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ससाण्यांच्या अंगावर छोटे कॅमेरे बसवून त्यांचे उड्डाण अभ्यासले. ससाणा भक्ष्याच्या शेपटीमागे धावत नाही. भक्ष्य दिसते ती दिशा जितक्या वेगाने सरकेल, त्या प्रमाणात तो आपला मार्ग वळवतो आणि दोघांच्या वाटा जेथे मिळतील तेथे पोहोचतो. मार्गदर्शित क्षेपणास्त्रे याच नियमाने चालतात. अर्थात ससाण्यास हा नियम माणसाच्या कितीतरी आधी साधला होता!

पाखरेही असहाय नसतात. ससाण्याची चाहूल लागताच तुतवारांचा विखुरलेला थवा एकवटतो व एका अंगाने वळतो. अशा घट्ट थव्यातून एकच पाखरू निवडणे शिकाऱ्यास कठीण जाते. मागे पडलेले किंवा थव्यातून फुटलेले पाखरू मात्र त्याच्या तावडीत सापडते.

अन्नसाखळीच्या टोकाशी असल्यामुळे हा पक्षी विषारी द्रव्यांना लवकर बळी पडतो. डीडीटी कीटकांतून पाखरांत व पाखरांतून ससाण्यात साठत गेले आणि अंड्यांची कवचे पातळ झाली. ब्रिटनमध्ये १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ यांनी हे दाखवून दिले. अमेरिकेने १९७२ साली शेतीतील डीडीटीवर बंदी घातल्यानंतर व पिंजऱ्यात वाढविलेली पिले निसर्गात सोडल्यानंतर तेथे ससाण्यांची संख्या सावरली; १९९९ साली तेथील संकटग्रस्त यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बहिरी ससाण्यास संरक्षण आहे. त्यास पकडणे वा बाळगणे हा गुन्हा होय. पाखरांच्या आश्रयस्थानांच्या दृष्टीने मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा खारफुटी संरक्षणाचा निर्णय महत्त्वाचा आहे. चिखलाच्या पट्ट्यावर भराव पडला की तुतवार जातात आणि तुतवार गेले की ससाण्यास तेथे थांबण्याचे कारण उरत नाही. दुसरा धोका संक्रांतीचा. पाहुणे पक्षी येथे असतात त्याच दिवसांत आकाशात पतंग उडतात आणि नायलॉनचा मांजा वेगाने उडणाऱ्या पक्ष्यास दिसत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली अशा मांजावर बंदी घातली आहे. संक्रांतीपूर्वी शाळांतून ही माहिती देता येईल, तसेच झाडांवर व तारांवर अडकलेला मांजा स्थानिक संस्थांना सण संपताच काढून घेता येईल. जखमी ससाणा आढळल्यास त्यास पाणी पाजण्याचा किंवा घरी पाळण्याचा प्रयत्न न करता, हवा खेळती राहील अशा खोक्यात अंधारात ठेवावे आणि वन विभागास तत्काळ कळवावे.