फोटोच्या कडेला उभी मोटार

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या घरातला लग्नाचा आल्बम काढा. पाठवणीच्या फोटोत मोटार असली, तर ती बहुधा अर्धीच सापडते. फोटोग्राफरचं सगळं लक्ष नवरीकडे. मोटारीच्या वाट्याला एक मडगार्ड, एक दिवा आणि झेंडूच्या माळांखाली दडलेलं बॉनेट. नंबरप्लेटीसमोर नेमका कुणीतरी काका उभा. एवढ्यावरून मोटार कुठली आणि कुठल्या सालची हे सांगणं हा एक हुन्नर आहे. तो ज्यांना साधलाय ते लोक कंपनीचं नाव किंवा बिल्ला सर्वांत शेवटी बघतात.

त्याला कारण आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना १९४७पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळवू लागला. डॉज, डिसोटो, फार्गो अशा वेगवेगळ्या नावांनी बाहेर पडणारे ट्रक आतून एकच असत. बदलायची ती पुढची जाळी आणि नाव. डॉज किंग्सवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मोटारीही मुळात प्लिमथच, फक्त चेहरे निराळे. म्हणजे बिल्ला वाचता आला तरी गाडी ओळखली असं होत नाही.

म्हणून आधी बघायचा तो सांगाडा. दिवे मडगार्डवर सुटे उभे असतील तर गाडी बहुधा तिशीच्या दशकातली किंवा त्याआधीची. १९४०च्या सुमारास अमेरिकन गाड्यांचे दिवे मडगार्डच्या पोटात गेले. चाकाला लाकडी आरे दिसले की विशीच्या दशकापर्यंत मागे जायचं. दाराखाली पाय ठेवायची लांब पायरी आहे का, पुढची काच एकसंध आहे की मधे पट्टी घालून दोन तुकड्यांची, स्टेपनी डिकीत आहे की मडगार्डच्या खाचेत उभी, हे सगळं अर्ध्या फोटोतही दिसू शकतं. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली आणि पन्नाशीच्या दशकात सरकारी धोरण बदलल्यावर गाशा गुंडाळला. तेव्हा १९५५नंतरच्या बांधणीची शेवरलेट फोटोत दिसली, तर ती शिवडीची नव्हे. परदेशातून आणलेली.

नवशिके सगळ्यात जास्त घसरतात ते परदेशी पुस्तकांवर भरवसा ठेवून. इटलीत फियाट ११०० डी १९६२ ते १९६६ अशी चार वर्षं निघाली. आपल्याकडे तीच गाडी १९६४च्या सुमारास ‘डिलाइट’ म्हणून आली, मग ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४पासून ‘पद्मिनी’ झाली आणि शतक संपेपर्यंत निघत राहिली. पुस्तकात चार वर्षं पुरलेला आकार ठाण्याच्या रस्त्यावर छत्तीस वर्षं टिकला. डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकासमोर तो आकार दिसला म्हणून फोटो साठच्या दशकातला ठरवणं हे निव्वळ धाडस. अँबेसेडरचंही तसंच. विलायतेत मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका तीनेक वर्षांत संपली, इथे तिचा वंश २०१४पर्यंत चालला. मात्र अँबेसेडरच्या पुढच्या जाळीने थोडी मदत केली आहे. १९६२ची मार्क टू, १९७५ची मार्क थ्री आणि १९७९ची मार्क फोर यांचे चेहरे वेगळे आहेत. उलट काही गाड्या इथेच घडल्या आणि परदेशी पुस्तकांत त्या सापडतच नाहीत. चार दारांची हेराल्ड बघितली की डोळे मिटून म्हणावं, ही मद्रासची स्टँडर्ड. ब्रिटनमध्ये हेराल्डला चार दारं कधी लागलीच नाहीत.

आपल्या भागात सर्वांत गोड ओळख आहे ती ‘डुक्कर फियाट’ची. पन्नाशीच्या दशकातली ही गोल नाकाची, बुटकी गाडी, आणि नाव ठेवणाऱ्याने अचूक ठेवलंय. तिची खूण नाकापेक्षाही दारात आहे. पुढचं दार उलटं, म्हणजे बिजागऱ्या मागे आणि मूठ पुढच्या काचेच्या बाजूला. दार बंद असलं तरी मुठीची जागा दिसते. डिलाइटमध्ये दार सुलटं झालं होतं. नवरदेवाच्या कोपराआड मूठ दिसली तर निकाल लागला, नाहीतर वाद चालू.

जीपच्या बाबतीत फटी मोजाव्यात. युद्धातल्या विलीज आणि फोर्डच्या जीपला पुढच्या पत्र्यात नऊ उभ्या फटी असतात, युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपचे दिवे आत बसवलेले, नागरी जीपचे मोठे आणि पुढे आलेले. बॉनेट उंच चढवलेलं दिसलं तर ती सीजे-३बी, जी महिंद्रांनी इथे वर्षानुवर्षं बनवली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात मोठा लष्करी तळ होता. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची छावणी झाली आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. त्यामुळे इकडच्या फोटोत जीप आली की फटी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असेल आणि गाडी टाटाची असेल, तर ती १९५४ ते १९६९ या टाटा-डाइमलर कराराच्या काळातली. आग्रा रोडवरच्या जुन्या फोटोंना हा तारा फार उपयोगी पडतो.

नंबरप्लेट दिसलीच तर उत्तम. मुंबई राज्याच्या काळातले नंबर ‘बी’पासून सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’ आला. १९८९ साली नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि त्यानंतर ठाण्याला एमएच-०४, कल्याणला एमएच-०५ मिळालं. पण नंबर सांगतो तो नोंदणीचा काळ, बांधणीचा नव्हे. आणि मोटार तर फोटोच्या तारखेची एकच कड सांगते: याआधीचा नाही. नंतरचा किती, हे ती सांगत नाही. आपल्याकडे मोटार तीस वर्षं वापरायची, मुलाला द्यायची, पुन्हा रंगवायची, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसऱ्याच मॉडेलची जाळी आणून बसवायची. तेव्हा तारीख पक्की करायला मोटार सोडून साड्यांची किनार, चष्म्याची फ्रेम, मागचं ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठावरचं बांधकाम बघावं लागतं.

फोटो स्वतःही फसवतो. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की स्टिअरिंग डावीकडे जातं आणि लोक ‘परदेशी गाडी!’ म्हणून खूश होतात. अशा वेळी बायकांचा पदर बघावा. एकजात सगळ्यांचा उजव्या खांद्यावर गेला असेल तर गाडी देशीच, छपाई उलटी. रंगाबद्दल तर बोलूच नये. जुन्या काचेच्या प्लेटींना तांबडा रंग दिसत नसे, त्यामुळे लालभडक मोटार काळी यायची. नंतर हाताने रंगवलेल्या फोटोत रंगाऱ्याच्या मर्जीला आलं तेच खरं. जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून काढलेले फोटो ओळखायला आणणारेही भेटतात. त्या मोटारीचा कारखाना पेंटरच्या डोक्यात.

२०२१च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. वय पन्नास वर्षांच्या वर आणि गाडी मूळ रूपात असली की नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार. रोजच्या वापराला परवानगी नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांसाठी. मूळ रूप म्हणजे काय, हा वाद सोडवायला घरातला जुना फोटो कामाला येतो: बंपर असाच होता का, मागचे दिवे हेच का.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात प्रीमियरने कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवली. थोड्याच वर्षांत तो उद्योग बंद पडला. पन्नाशीचा नियम असाच राहिला तर या कल्याणकर गाडीला व्हीए अक्षरं मिळायला २०४०चं दशक मध्यावर यावं लागेल. तिचे फोटो रंगीत आहेत, नंबरही सहज वाचता येतात. तिला ओळखणं सोपंच, पण तोवर तिच्या दिव्याची काच कुणाकडे मिळणार?