बारावीनंतर बी. ए. की बी. एस्सी.?

बारावी विज्ञानचा निकाल लागला आणि अभियांत्रिकी अथवा वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळली, की अनेक ख्रिस्ती कुटुंबांत हा प्रश्न उभा राहतो. निर्णय बहुधा गुणपत्रिका पाहून होतो. गुण बरे असतील तर बी. एस्सी., कमी असतील तर बी. ए. हा मापदंड सोयीचा असला तरी न्याय्य नाही. त्यापायी इतिहासात रमणारा मुलगा तीन वर्षे प्रयोगशाळेत कंठतो आणि गणिताची उत्तम जाण असलेली मुलगी ‘घराजवळचे कॉलेज बरे’ म्हणून कला शाखेत जाते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की या दोन शाखांमधील वाट एकेरी आहे. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्यास बी. ए. ला प्रवेश मिळतो. कला शाखेतील विद्यार्थ्यास मात्र भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. सहसा करता येत नाही. म्हणजे पालकांनी याचा विचार खरे तर दहावीनंतरच करावयास हवा.

पुढील कित्येक मार्गांसाठी पदवी कोणत्या शाखेची, हे पाहिले जात नाही. नागरी सेवा परीक्षा, बँकांच्या अधिकारीपदाच्या परीक्षा, कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी या सर्वांची दारे दोघांनाही खुली आहेत. ज्यांचे ध्येय यांपैकी एखादे आहे, त्यांनी केवळ प्रतिष्ठेपोटी विज्ञानाचा भार का वाहावा?

याउलट, ज्याला संशोधन करावयाचे आहे किंवा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवावयाचे आहे, त्याला बी. एस्सी. वाचून गत्यंतर नाही. रसायनशास्त्राच्या पदवीधरास औषधनिर्मिती कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम मिळू शकते. वसईकरांना तारापूरची औद्योगिक वसाहत दूर नाही. परंतु संशोधनाच्या वाटेवर बी. एस्सी. ही पहिली पायरी होय. त्यापुढे एम. एस्सी., आणि आयआयटीत ती करावयाची तर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा. इतकी वर्षे शिक्षणाचा खर्च पेलेल काय, हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलला जावा. प्रात्यक्षिकांमुळे दिवस महाविद्यालयातच सरतो. शिकता शिकता नोकरी करणे त्यामुळे कठीण होते.

कला शाखा सोपी, हाही एक गैरसमज. अर्थशास्त्रात पुढे जाणाऱ्यास गणित व संख्याशास्त्र टाळता येत नाही आणि मानसशास्त्रालाही संख्याशास्त्र लागतेच. (विज्ञानाने श्रद्धा डळमळते असे मानणारेही अद्याप भेटतात. आनुवंशिकतेचे नियम मांडणारे ग्रेगोर मेंडेल आणि विश्वोत्पत्तीच्या महास्फोट सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे दोघेही कॅथलिक धर्मगुरू होते!)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे शाखांमधील भिंत काहीशी खाली आली आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषयासोबत अन्य शाखेतील विषयही घ्यावे लागतात. तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी, अशी ही रचना आहे. मात्र प्रत्येक महाविद्यालयात हवा तो मुख्य विषय असतोच असे नाही. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयात जाऊन आपला विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य म्हणून शिकवला जातो काय, हे विचारावे, आणि त्या विषयाचा अभ्यासक्रम मुलाने स्वतः वाचावा.