चेहऱ्यावरचे वय आणि सिंदेवाहीचे ऊन

सिंदेवाही साधारणतः वीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहे. त्यामुळे २१ मेच्या आणि पुन्हा २२ जुलैच्या सुमारास भर दुपारी सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो व माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो, जुलैत धानाची रोवणी. मे महिन्यात सारे जण दुपट्टा बांधतात. जुलैत आभाळ भरलेले म्हणून तो घरीच राहतो. मात्र त्वचेवर वय उमटविणारे अतिनील किरण उष्णतेवर अवलंबून नसतात. विरळ ढगांतून ते बऱ्याच प्रमाणात खाली उतरतात.

ऊन त्वचेचे किती नुकसान करते, याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगावर आहे. साठी गाठलेल्या व्यापाऱ्याने दंडाची आतली बाजू आणि पंजाची वरची बाजू शेजारी धरून पाहावी. दोन्हींचे वय एकच. परंतु एक मऊ व सारख्या रंगाची, तर दुसरी डागाळलेली आणि सुरकुतलेली. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६९ वर्षांच्या एका वाहनचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे मालवाहू गाडी चालविलेल्या या गृहस्थाच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली होती. अतिनील किरणांचा ‘ए’ प्रकार साध्या काचेतून आरपार जातो. नागभीड, उमरेडमार्गे नागपूरला वरचेवर गाडी नेणाऱ्यांनी आपला उजवा गाल एकदा आरशात निरखावा. रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानात दिवसभर गादीवर बसणाऱ्याचीही स्थिती फार वेगळी नाही.

आपल्याकडील सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने सुरकुत्या उशिरा पडतात. त्याआधी वांग, काळे डाग आणि रंगाचा असमानपणा दिसू लागतो. म्हणून “आम्हांला उन्हाची सवय आहे” हे उत्तर अर्धेच खरे आहे.

उपायांपैकी सर्वांत स्वस्त तोच सर्वांत भरवशाचा, हे व्यापारी माणसाला सहसा पटत नाही. सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत सावली, दुकानापुढे खोल छपरी, डोक्याला रुंद काठाची टोपी आणि तोंडाला घट्ट विणीचा दुपट्टा. पातळ पांढरे सुती कापड घामाने भिजले की त्यातून किरण अधिक शिरतात. गडद रंगाचे दाट कापड बरे. त्यानंतर सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर गावी ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. एस.पी.एफ. ३० किंवा अधिक आणि ‘ए’ व ‘बी’ दोन्ही किरणांना अडविणारे मलम घ्यावे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांवर मावेल एवढे लागते. बहुतेक घरांत याच्या पाव भागात काम उरकतात आणि मग गुण येत नाही म्हणतात! उन्हात असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. वांग असणाऱ्यांना आयर्न ऑक्साइडयुक्त, किंचित रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात.

हिवाळ्यात कोरडेपणामुळे बारीक रेषा उठून दिसतात. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावले तरी पुरते. लिंबू चोळून उन्हात जाणे मात्र टाळावे. त्याने त्वचा भाजून काळे डाग राहतात.

पडलेल्या सुरकुत्या काही अंशी कमी करणारे औषध आहे: ट्रेटिनॉइन. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, रात्री, अल्प प्रमाणात सुरू करतात. फरक दिसण्यास काही महिने जातात. गर्भवतींनी ते वापरू नये. महागड्या बाटल्यांतील कोलॅजेन बहुधा मासे वा गुरांपासून मिळते, आणि पोटात गेलेले कोलॅजेन इतर प्रथिनांप्रमाणे पचते. लॅनोलिन लोकरीतून, कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. जैन घरांनी वेष्टनावरील घटक वाचूनच खरेदी करावी.

खरा धोका निराळाच आहे. २०२३ च्या आरंभी अकोल्याची एक हकीकत वृत्तपत्रांत आली. एकाच घरातील तीन स्त्रियांनी गोरेपणाचे एक क्रीम वापरले होते. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि तपासात त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा थोड्याच दिवसांत उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो. सौंदर्यप्रसाधनात तो मिसळण्यास मनाई आहे, तरी उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक वा घटकांची यादी नसलेल्या डब्या बाजारात येतातच. ‘कॅलोमेल’ हा शब्द दिसला तर डबी दुकानातही ठेवू नये, मग नफा कितीही असो.

दुसरा प्रकार स्टेरॉइडयुक्त मलमांचा. शासनाने २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमे व केस येतात. तरुण चेहराही थकलेला दिसतो. ज्यांना अशा मलमाची सवय जडली आहे त्यांनी ते एकदम थांबविल्यास दाह उसळतो. ते मलम सोबत घेऊन त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ते टप्प्याटप्प्याने सोडावे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.