भिंतीवरची बुरशी आणि छातीतले पहारेकरी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की बेळगाव-खानापूरकडच्या कौलारू घरांतून तो ओळखीचा कुबट वास सुटतो. फडताळातल्या पोथ्या, ट्रंकेतली लुगडी, माजघराची ओल धरलेली भिंत, सर्वत्र हिरवट-काळसर बुरशी. आमच्या शाळेच्या दप्तराची कपाटेही तिला अपवाद नाहीत. त्या सुमारास घरात कोणी खोकू लागले, तर ‘पावसाळी खोकला’ म्हणून आपण तो सोडून देतो.

या बुरशींपैकी एक ॲस्परजिलस. १७२९ साली मिकेली या इटालियन धर्मोपदेशक वनस्पतिशास्त्रज्ञाला तिचे रूप पाहून चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या उपकरणाची आठवण झाली. त्यावरून हे नाव. (गोव्याच्या वाचकांनी ते उपकरण पाहिले असेल.) तिचे बीजाणू अवघे दोन-तीन मायक्रॉनचे, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट द्राव यांना चुकवून त्यांतले काही थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात.

तेथे भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. परक्या कणास गिळून टाकणाऱ्या पेशींचे हे कार्य मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे ओळखले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आपण रोज शेकडो बीजाणू श्वासावाटे घेत असता छातीत नित्य रणकंदन का माजत नाही? याचे उत्तर २००९ साली हाती आले. निद्रिस्त बीजाणूवर प्रथिनाचे एक जलरोधक कवच असते. ते असेतो प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर चवताळून उठत नाही. ऊब आणि ओलावा मिळून बीजाणू फुगला, की कवच गळते, आतील शर्करायुक्त द्रव्ये उघडी पडतात आणि भक्षक पेशी त्यांस ओळखतात. त्यातूनही अंकुर फुटून तंतू वाढलेच, तर रक्तातील पांढऱ्या पेशींची कुमक धावून येते. निरोगी माणसाला या चकमकींची वार्ताही नसते.

हा तोल दोन्ही बाजूंनी ढळू शकतो. प्रतिकार दुबळा पडला, तर बुरशी फुप्फुसातच मूळ धरते. २०२१ च्या करोना लाटेत मधुमेह व स्टेरॉइड यांमुळे दुबळ्या झालेल्या अनेकांना म्युकरमायकोसिसने ग्रासले. लोक त्यास ‘काळी बुरशी’ म्हणत. पण भिंतीवरचे काळे डाग ते हे नव्हेत.

उलट, पहारेकरी अतिउत्साही झाले तरी हानीच. दमेकऱ्यांच्या श्वासनलिका बुरशीच्या वावड्याने आवळतात. कुजट गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना काही तासांनी ताप, खोकला, धाप लागते व उतरते. हे वर्षानुवर्षे चालले, तर फुप्फुस कायमचे राठ होते. अशांना ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून काढे पाजणारे वैदू पाहिले, की आम्हास हसावे की रडावे कळत नाही.

खरा इलाज भिंतीचा. फुटके कौल बदलावे, गळकी नळी सांधावी, ओल हटल्यावाचून रंग देऊ नये. त्याखाली बुरशी पुन्हा वाढते. कोरड्या केरसुणीने झाडल्यास बीजाणू घरभर उडतात; म्हणून नाकातोंडास फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसावे, आणि दमेकऱ्याला त्या वेळी बाहेर बसवावे. खोकला हटेना, तर डॉक्टरांकडे जाताना घरातील ओलीची हकिगतही अवश्य सांगावी. ते आपणहून विचारतीलच असे नाही.