पाठीवरची नाव

डोंगरदऱ्यांतून चालणाऱ्याला नदी आडवी आली की दोनच वाटा उरतात: उतार सापडेपर्यंत काठाने चालत राहायचं, नाहीतर पाण्यात उडी घ्यायची. तिसरी वाट म्हणजे नावच पाठीवर घेऊन निघायची, आणि ती माणसाला फार पूर्वी सुचली होती. निमरूदच्या असिरियन शिल्पपटांत फुगवलेल्या कातड्यांच्या आधाराने नदी ओलांडणारे लोक दिसतात. आपल्याकडे भोपळ्यांची सांगड होती. पण आज ज्याला पॅकराफ्ट म्हणतात, त्या दोन-चार किलोंच्या फुगवायच्या नावेचा खरा प्रवास सुरू होतो तो कॅनडाच्या उत्तर टोकाकडे, एका फसलेल्या मोहिमेनंतर.

1821 च्या शरद ऋतूत जॉन फ्रँकलिनची तुकडी परतीच्या वाटेवर कॉपरमाइन नदीशी येऊन अडकली. जड नावा आधीच मागे टाकाव्या लागल्या होत्या. तुकडीतला जॉन रिचर्डसन कमरेला दोर बांधून त्या गोठवणाऱ्या पाण्यात उतरला आणि हातपाय बधिर होऊन जेमतेम परत ओढला गेला. पलीकडे जायला आठवड्याहून अधिक काळ गेला. तोवर अन्न संपलेलं होतं, आणि त्या मोहिमेत निम्म्याहून अधिक माणसं मेली.

पीटर हॅल्केट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने 1840 च्या दशकात यावर उत्तर शोधलं. चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये पेटंट घेतलेलं रबरी कापड आता हाताशी होतं. हॅल्केटने त्याचा असा झगा शिवला, की हवा भरली की त्याची एका माणसाची नाव व्हावी. हवा भरायला छोटा भाता, काठीला पातं लावलं की वल्हं, आणि छत्री उघडली की शीड! आरमाराच्या वरिष्ठांनी कल्पनेचं कौतुक केलं, पण आरमाराला तिचा उपयोग नाही असंही कळवलं. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. ज्यांच्याकडे जहाजं आहेत त्यांना अशी नाव कशाला लागेल? ती लागत होती पायी चालणाऱ्याला. जॉन रेने 1846 च्या आर्क्टिक मोहिमेत हॅल्केटची नाव नेली आणि ती मनापासून वाखाणली. तिचा एक नमुना आजही ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेस संग्रहालयात आहे.

त्यानंतर शंभर वर्षं या विचाराला फारसा वाली उरला नाही. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी एकट्याने बसायच्या रबरी नावा निघाल्या, आणि युद्धानंतर त्या स्वस्तात मिळू लागल्या. तशीच एक घेऊन डिक ग्रिफिथ 1952 मध्ये पत्नी इझाबेलसह मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनमध्ये उतरला. तीस वर्षांनी, 1982 मध्ये, अलास्कात होप ते होमर अशी रानातली पहिली शर्यत झाली. नियम मोजकेच होते: रस्ता वापरायचा नाही आणि लागेल ते सगळं स्वतः वाहायचं. वाटेत हिमनदीचं पाणी आलं तेव्हा तरणे स्पर्धक पोहून जायच्या तयारीत होते. पंचावन्न वर्षांच्या ग्रिफिथने सॅकमधून नाव काढली, फुगवली आणि तो पलीकडे गेला. ते पाहणाऱ्यांत होता रोमन डायल. पुढे या प्रकाराचा सर्वांत उत्साही प्रचारक तोच झाला आणि 2008 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं.

तरीही नाव म्हणून मिळत होती ती बहुधा खेळण्यातली. स्वस्त व्हिनाइल थंडीत कडक होतं आणि दगडाला घासलं की फाटतं. हे बदललं ते 2000 च्या सुमारास, आणि बदललं एका आईने. शेरी टिंगी यांचा थोर नावाचा मुलगा मित्रांबरोबर ब्रूक्स पर्वतरांग ओलांडून आला तेव्हा नावांची पार दुर्दशा झाली होती. शेरी स्वतः कयाक चालवलेल्या, आणि स्कीच्या कपड्यांचा व्यवसाय केल्यामुळे कापड, शिवण, जोड यांची उत्तम जाण असलेल्या. त्यांनी नायलॉनवर युरेथेनचा थर असलेल्या कापडाची नाव तयार केली. त्यातून अल्पाका राफ्ट ही कंपनी उभी राहिली. मोठ्या कारखान्यांना जे सुचलं नाही ते शिवणयंत्रावरच्या जाणत्या हाताला सुचलं, याचं मला फार मोल वाटतं. 2007–08 मध्ये एरिन मॅककिट्रिक आणि त्यांचे पती सिअॅटलहून अल्यूशन बेटांपर्यंत चालत आणि अशाच नावांनी वल्हवत गेले, तेव्हा ही वस्तू किती टिकते याबद्दल शंका उरली नाही.

पुढच्या सुधारणा भराभर झाल्या. मागची बाजू लांब निघाली, त्यामुळे प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरणं कमी झालं. हवाबंद चेन आली आणि सामान नावेच्या फुग्यातच ठेवता येऊ लागलं. कंपन्याही वाढल्या: अमेरिकेतली कोकोपेली, जर्मनीतली अँफिबिओ, चीनमधली एमआरएस.

आता किलोभराहूनही हलक्या नावा मिळतात आणि खरेदीदार प्रथम वजनाचा आकडा पाहतो. मला हे उलटं वाटतं. आधी पाणी पाहावं. संथ तळं किंवा एखाददुसरी नदी एवढंच ओलांडायचं असेल तर हलकी, उघडी नाव पुरते. पण वारा सुटला तर तीच पानासारखी वाहवत जाते. दगडांच्या नदीत रोज उतरायचं असेल तर तळाचं कापड जाड हवं, आणि थंड खळाळात जायचं असेल तर वरचं आच्छादन हवं. अशी नाव आच्छादनासह तीन-चार किलोंची होते, आणि ते ओझं वाहावं. नाव पाण्यात घातल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते, म्हणून तोंडाने पुन्हा फुंकून ताठ करता येईल अशी झडप आहे ना, हेही पाहावं.

ही नाव नवख्यालाही लगेच जमते, आणि धोका नेमका तिथेच आहे. 2014 मध्ये अलास्काच्या त्याच शर्यतीत ताना नदीत एक अनुभवी स्पर्धक दगावला. ल्यूक मेल यांच्या 2021 च्या मार्गदर्शक पुस्तकात सुरक्षेवर मोठा भर आहे. उलटलेल्या नावेतून सुटणं आणि वाहत्या पाण्यात ती सरळ करून पुन्हा चढणं, हे आधी ओळखीच्या, संथ पाण्यात शिकून घ्यावं. वजन मोजायचंच असेल तर वल्हं आणि लाइफ जॅकेटही काट्यावर ठेवावं. जॅकेट घरी ठेवून सॅक हलकी होत असेल, तर तो हलकेपणा मी हिशेबात धरणार नाही.