लहुजी वस्ताद आणि त्यांची तालीम

कुस्तीच्या फडात एखाद्या मल्लाने मैदान मारले की जाणते प्रेक्षक हटकून विचारतात, "याचा वस्ताद कोण?" देशाच्या इतिहासाविषयी मात्र हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. महात्मा जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके ही नावे आपल्या परिचयाची आहेत. परंतु ज्यांच्या तालमीत हे दोघेही उतरले, त्या लहुजी राघोजी साळवे यांचे नाव अद्याप पुष्कळांच्या कानी गेलेले नाही. म्हणून त्यांचा हा अल्पसा परिचय.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या परिसरात, मातंग समाजातील एका लढवय्या घराण्यात झाला. त्या काळच्या लेखनात या समाजास 'मांग' म्हटलेले आढळते. वडील राघोजी हत्यारे चालविण्यात वाकबगार होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. त्या धामधुमीत राघोजी कामास आले, असे परंपरा सांगते. लवकरच शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. तेवीस वर्षांच्या लहुजींनी पुढील आयुष्य तरुणांना शस्त्रविद्या शिकविण्यास वाहिले, आणि पुण्याच्या गंज पेठेत त्यांची तालीम उभी राहिली.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती ध्यानात घ्यावयास हवी. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत एखादा मांग किंवा महार तालीमखान्यावरून गेला, तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे खेळवीत, असे मुक्ता साळवे या मुलीने पुढे आपल्या निबंधात लिहिले आहे. ज्या समाजाला तालमीच्या दारावरून जाण्याचीही धास्ती, त्याच समाजातील एक पुरुष त्याच शहरात स्वतःची तालीम काढतो आणि वरच्या जातींची मुले त्याला 'वस्ताद' म्हणून वाकून नमस्कार करतात! हा बदल सामान्य नव्हे.

वस्ताद म्हणजे केवळ डावपेच सांगणारा नव्हे. जोर, बैठका, कुस्ती यांनी अंग तयार झाल्यावर लाठी, तलवार, नेमबाजी आणि दांडपट्टा यांकडे शिष्यास नेणे हे त्याचे काम. यांत दांडपट्टा विशेष अवघड. हाताला कोपरापर्यंत लोखंडी खोबणी आणि पुढे लांब, लवचीक पाते. मनगटाचा उपयोग नाही. सारा खेळ खांद्याचा, कमरेचा आणि पायांचा. जरा तोल गेला तर स्वतःलाच जखम व्हावयाची. तेव्हा वस्तादावर पूर्ण विश्वास असल्याखेरीज ही विद्या येत नाही. आणि विश्वास ठेवावयाचा तर गुरूची जात विचारून भागत नाही.

लहुजींपाशी आपण दांडपट्टा व नेमबाजी शिकलो, हे जोतीरावांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मुलांसाठीही शाळा सुरू केल्या, तेव्हा शिष्याच्या या कामास वस्तादांनी पाठबळ दिले. आपल्या वस्तीत हिंडून, आईबापांची समजूत घालून त्यांनी मुले शाळेत धाडली. वर उल्लेखिलेली मुक्ता ही लहुजींच्याच नात्यातील. चौदा वर्षांच्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तालमीपुरतीच विद्या पुरेशी नाही, लेखणीही हवी, हे वस्तादांनी ओळखले होते.

दुसरे शिष्य वासुदेव बळवंत. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करीत असता ते या तालमीत आले. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली आणि १८७९ साली रामोशी, कोळी, धनगर यांना जमवून इंग्रजांविरुद्ध बंड उभारले. आपल्या हैदराबादकर मंडळींस येथे एक गोष्ट आठवावी. पाठलाग सुरू झाल्यावर वासुदेव बळवंत श्रीशैल मल्लिकार्जुनास जाऊन राहिले होते, आणि त्यांच्या पाठलागात इंग्रज अधिकारी मेजर डॅनियल यांच्याबरोबर निजामाचे अधिकारी अब्दुल हक हेही होते. जुलै १८७९ मध्ये, आज कर्नाटकात असलेल्या देवरनावदगी गावी ते पकडले गेले. त्यांना एडनला काळ्या पाण्यावर धाडण्यात आले.

शिष्य परमुलखात बंदीवान असतानाच १७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजींनी देह ठेवला. बरोबर दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वासुदेव बळवंतही एडनच्या तुरुंगात निवर्तले. गुरुशिष्यांची पुण्यतिथी एकच ठरली.

पुण्यात संगमवाडीला लहुजींची समाधी आहे. मातंग समाजाने पिढ्यानुपिढ्या त्यांची आठवण जतन केली, आणि २००३ साली महाराष्ट्र शासनाने त्या समाजाच्या स्थितीच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगास त्यांचेच नाव दिले. पण त्यांचे स्मरण एकाच समाजावर सोपवून इतरांनी मोकळे होणे बरे नव्हे. त्यांच्या तालमीचे दार सर्वांना उघडे होते. पुण्यास जाणाऱ्यांनी शनिवारवाडा पाहावाच. तेथून संगमवाडी फार दूर नाही.